मुक्काम पोस्ट पिरेयस

ग्रीसच्या बेटांवर जायचं म्हणजे निळे घुमट, पांढऱ्या भिंती आणि सनसेट. पण त्या सनसेटपर्यंत पोहोचायचं कसं? दोन विमानं, एक बोट, एक मेट्रो आणि आईचा एक गुडघा यांचं हे गणित.

दुपारचे दोन वाजून पाच मिनिटं. अथेन्सचा विमानतळ. मी काउंटरसमोर धापा टाकत उभी, हातात दोन पासपोर्ट, आणि समोरची मुलगी अतिशय गोड हसून सांगतेय की सँटोरिनीचं चेक-इन बंद झालंय. विमान अजून जागेवरच आहे. बोर्डावर दिसतंय, अडीचला सुटणार. फक्त आम्हाला घेऊन नाही.

मागे वळून बघितलं तर आई ट्रॉलीवरच्या बॅगेला टेकून उभी. "चुकली ना गाडी?" तिने विचारलं. चिपळूणच्या एस्टी स्टँडवर विचारावं, अगदी तसं.

आता थोडं फ्लॅशबॅकमध्ये जाऊ या.

चार रजांत नऊ दिवस

आमच्या किचनमध्ये एक कॅलेंडर आहे. साल कधीच उलटून गेलंय, पण ऑगस्टच्या पानावर सँटोरिनीचा फोटो आहे म्हणून बाबांनी ते काढू दिलं नव्हतं. "रिटायर झालो की जाऊ," असं ते म्हणायचे. रिटायर झाले आणि दीड वर्षात गेले. त्यानंतर आई सगळ्यालाच 'हो' म्हणायला लागली. भाजी कुठली करू? तुला हवी ती. दिवाळीला मावशीकडे जायचं? तू म्हणशील तसं. मग मीच ठरवलं, आपण दोघी जायचं. त्यावरही ती "बरं" म्हणाली.

२०२३ सालचा ऑगस्ट उघडून बघा. १२ तारखेला शनिवार, १५ ऑगस्ट मंगळवारी, आणि २० तारखेला रविवार. म्हणजे चार रजा टाकायच्या आणि नऊ दिवस खिशात घालायचे! लोअर परळमध्ये ऑफिस असलेल्या कुठल्याही मुलीला याहून मोठा आनंद नसतो. अधिक श्रावण चालू होता. "अधिकात आईला काशीला न्यायचं सोडून ग्रीसला?" असं आत्याने विचारलंच. आई त्यावर काही बोलली नाही.

प्लॅनिंग मी केलं. म्हणजे एक्सेल शीटने केलं. त्या वर्षी मुंबईहून अथेन्सला थेट विमान नव्हतं, आखातातल्या एखाद्या शहरात बदलूनच जावं लागायचं. मुंबई ते सँटोरिनी असं एकाच बुकिंगवर तिकीट मिळत होतं. पण मुंबई-अथेन्स वेगळं आणि अथेन्स-सँटोरिनी वेगळं काढलं, तर दोघींचे मिळून ११ हजार रुपये वाचत होते. दोन विमानांमध्ये दोन तास दहा मिनिटांचं अंतर. मी सेल हिरवा केला आणि स्वतःवर जाम खूश झाले.

आईने तेव्हा एकच प्रश्न विचारला होता. "मध्ये मुक्काम नाही कुठे?"

"आई, मुक्काम कशाला? डायरेक्ट पोहोचतोय आपण."

"बरं," ती म्हणाली.

११ हजारांचा पोपट

झालं असं की आखातातून निघायलाच पाऊण तास उशीर झाला. सव्वाबारा-साडेबाराला उतरणारं विमान सव्वाला उतरलं. माझ्या शीटप्रमाणे अजूनही सव्वा तास हातात होता. पण शीटमध्ये मी तीन गोष्टी धरल्याच नव्हत्या.

एक, पासपोर्टची रांग. आखातातून येणारं विमान म्हणजे शेंगेन देशांच्या बाहेरून येणारं. त्यामुळे युरोपात प्रवेशाचा शिक्का अथेन्सलाच घ्यायचा. ऑगस्टमधली शनिवारची दुपार, आणि अर्धं जग रांगेत.

दोन, बॅगा. तिकिटं वेगळी असली की मुंबईत टाकलेली बॅग सँटोरिनीला आपोआप जात नाही. पट्ट्यावरून उचलायची, बाहेर यायचं, दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर पुन्हा द्यायची.

तीन, काउंटर. तो विमान सुटायच्या बराच आधी बंद होतो. आमचा पाऊण तास आधी झाला होता.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या कंपनीला पहिल्या विमानाशी काही देणंघेणं नसतं. एकच बुकिंग असतं, तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी त्यांची होती. दोन वेगळी असल्यावर ती फक्त तुमची. विमानाच्या तिकिटाचे १५ हजार गेले. सँटोरिनीच्या हॉटेलची पहिली रात्र आगाऊ भरलेली होती, तिचे १६ हजार गेले. ११ वाचवायला ३१ घालवले. आमच्या भाषेत याला पोपट होणं म्हणतात.

दुसऱ्या विमानाची चौकशी केली. त्या दिवशी जागा नाही, दुसऱ्या दिवशीचा दर बघून मी फोनच पालथा घातला. काउंटरवरच्या मुलीने कारण सांगितलं. १५ ऑगस्ट ही ग्रीसमधली उन्हाळ्यातली सगळ्यात मोठी सुट्टी. तो मेरीमातेचा सण. अख्खं अथेन्स आपापल्या गावी नाहीतर बेटावर निघतं. मी ज्या १५ ऑगस्टच्या जिवावर रजा जुळवल्या, त्याच १५ ऑगस्टला सगळ्या ग्रीसने पण जुळवल्या होत्या!

मला रडूच यायला लागलं. आईने बॅगेतून डबा काढला, माझ्या हातात शंकरपाळं ठेवलं आणि म्हणाली, "समुद्र आहे ना मध्ये? मग बोट असेल."

धक्क्यावरची माणसं

आईचं माहेर दाभोळचं. लहानपणी ती मुंबईहून गावाला बोटीने जायची. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली आगबोट कोकण किनाऱ्याने एकेक बंदर घेत जायची, आणि बऱ्याच ठिकाणी भर पाण्यात उभ्या बोटीतून होडीत उतरून काठावर यावं लागायचं. पावसाळ्यात बोटी बंद. त्यामुळे समुद्र वेळापत्रक पाळत नाही, हे तिला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक.

बोट होतीच. पिरेयस बंदरातून रविवारी सकाळी साडेसातच्या सुमाराला. पारोस, नाक्सोस करत सँटोरिनी, आठेक तास. केबिन नव्हती, नंबराच्या खुर्च्या नव्हत्या, पण डेकची तिकिटं शिल्लक होती. मोबाइलवर तिकीट आलं आणि माझ्या पोटात पुन्हा गोळा. त्यावर सँटोरिनी कुठेच नव्हतं! लिहिलं होतं 'थिरा'. दोन मिनिटं घाम फुटला. मग कळलं, थिरा हेच बेटाचं ग्रीक नाव, बोटींच्या तिकिटांवर तेच असतं.

म्हणजे रात्र पिरेयसमध्ये काढायची. इथे मात्र नशिबाने साथ दिली. अथेन्सच्या मेट्रोची तीन नंबरची लाइन ऑक्टोबर २०२२ पासून थेट पिरेयसपर्यंत जाते. विमानतळावर बसायचं, तासाभराने बंदरापाशी उतरायचं. मध्ये बदलायची भानगड नाही. आमच्या वेळी विमानतळाचं तिकीट माणशी ९ युरो होतं, युरो तेव्हा नव्वद रुपयांच्या आसपास. ही गाडी दर पाच मिनिटांना नसते, अर्ध्या तासाहून थोडी जास्त वाट बघावी लागू शकते. आणि ती रात्रभर चालत नाही. मध्यरात्री उतरणाऱ्यांसाठी एक्स ९६ नंबरची बस आहे, चोवीस तास, थेट पिरेयस. अथेन्स शहरात जायचं तर एक्स ९५. टॅक्सी हवी असेल तर शहराच्या मध्यभागापर्यंतचा दर ठरलेला असतो, दिवसाचा वेगळा आणि रात्रीचा वेगळा. बसायच्या आधी विचारून घ्या, मीटरचं टेन्शन नाही.

संध्याकाळी बंदरावर फिरायला गेलो आणि आई एकदम खुलली. गणपतीच्या आधी दादर स्टेशनवर कशी गर्दी असते? तशीच. बॅगा, पिशव्या, पिंजऱ्यातलं मांजर, आजीला हात धरून नेणारी नातवंडं. सगळे गावाला निघालेले. हॉटेलवाल्याने सांगितलं, टिनोस नावाच्या बेटावर मेरीमातेचं मोठं देऊळ आहे, १५ ऑगस्टला कितीतरी लोक बंदरापासून देवळापर्यंत चक्क गुडघ्यांवर रांगत जातात. आईने स्वतःच्या गुडघ्याकडे बघितलं. "अधिकात निघालोय म्हणजे बरोबरच निघालोय," ती म्हणाली. आत्याला परस्पर उत्तर मिळालं.

बोटीचा फंडा

पिरेयसमध्ये एक गोष्ट लक्षात ठेवायची. बंदर अवाढव्य आहे. ई १ ते ई १२ अशी गेट्स आहेत, आणि चुकीच्या टोकाला उतरलात तर बॅगा ओढत पळायची वेळ येते. तिकिटावरचं गेट आधी बघा आणि तासभर आधी पोहोचा. बोट धक्क्यावर फार वेळ रेंगाळत नाही.

आपली भाऊचा धक्का ते मांडवा रोरो बघितली असेल ना? मोठी बोट तशीच, फक्त कितीतरी मजली. मागचा दरवाजा उघडतो, गाड्या, ट्रक आणि माणसं एकदमच आत शिरतात. खाली रॅकवर बेटांची नावं लिहिलेली असतात, आपल्या बेटाच्या खणात बॅग टाकायची आणि वर जायचं. पैसे-पासपोर्ट मात्र खांद्यावर.

आई आठ तास डेकवरून हलली नाही. मधे पारोस आलं, घोषणा झाली, माणसं उतरली, चढली. नाक्सोसला धक्क्याजवळच एका टेकडीवर दगडी दरवाजा उभा दिसला. नुसती चौकट. इसवीसनाच्या आधी सहाव्या शतकात बांधायला घेतलेलं आणि अर्धवटच राहिलेलं अपोलोचं देऊळ. "बाकीचं राहिलं, पण दार कसं उभं आहे बघ," आई म्हणाली. मग बराच वेळ गप्प बसली. बोट सुटल्यावर बाबांबद्दल बोलायला लागली. दीड-दोन वर्षांत पहिल्यांदाच, आपणहून. लग्नानंतर त्यांना पहिल्यांदा दाभोळला नेलं, तेव्हा त्यांना बोट कशी लागली होती ती गोष्ट. मी कधीच ऐकली नव्हती.

विमानाने पाऊण तासात पोहोचलो असतो. ही गोष्ट राहिलीच असती.

सँटोरिनीला बोट ज्वालामुखीच्या पोटात शिरते. म्हणजे खरोखरच. साडेतीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी झालेल्या स्फोटाने बेटाचा मधला भाग खचला, समुद्र आत आला, आणि कड्यावर उरली ती ही गावं. बोटी अथिनिओस नावाच्या धक्क्याला लागतात आणि तिथून रस्ता नागमोडी वळणं घेत सरळ कड्यावर चढतो. धक्क्यावर एकच कल्लोळ. हॉटेलांच्या पाट्या घेतलेली माणसं, बसवाले, टॅक्सीवाले. टॅक्सी बेटावर अगदी मोजक्या, त्यामुळे 'उतरल्यावर बघू' हे इथे चालत नाही. बोटीच्या वेळेला फिरा गावाची बस असते, तिथून पुढे ओइयाला जायला दुसरी. आम्ही हॉटेलशी बोलून गाडी सांगितली होती, पण ती विमानतळावर! आदल्या रात्री मेल करून ती बंदरावर बोलवली. हे विसरला असतात तर गाडी एका टोकाला आणि तुम्ही दुसऱ्या.

अजून एक. कॅल्डेराच्या, म्हणजे त्या कड्यावरच्या हॉटेलांपर्यंत गाडी जातच नाही. शेवटचा टप्पा पायऱ्यांचा. फोटोत त्या काय क्यूट दिसतात! आई-बाबांना नेणार असाल तर बुकिंगच्या आधी 'गाडी थांबते तिथून किती पायऱ्या' हा प्रश्न विचारा. मी विचारला होता. उत्तर आलं, "थोड्या." त्या बेचाळीस होत्या.

त्या संध्याकाळी कॅलेंडरमधला घुमट प्रत्यक्ष बघितला. आईने फोटो काढू दिला नाही. "घरी आहे," म्हणाली. जेवायला फावा मागवलं, तिथल्याच पिवळ्या डाळीचं. वरून ऑलिव्ह ऑइल आणि कच्चा कांदा. "वरणच की हे. फोडणी विसरलेत," असं म्हणत कांदा बाजूला सारून तिने ताट साफ केलं.

आईचं 'नाही'

मंगळवारी नाक्सोसला आलो. सँटोरिनीहून साधारण दोन तास. इथे गाडी, पाटी, बस काहीच लागलं नाही. गाव धक्क्यालाच चिकटलेलं, दहा मिनिटं चालत हॉटेलात. दुपारभर चर्चच्या घंटा वाजत होत्या.

माझ्या शीटप्रमाणे इथे चार रात्री होत्या. शनिवारी सकाळी वेगवान बोटीने पिरेयस, तिथून विमानतळ, आणि संध्याकाळचं विमान. रविवारी सकाळी मुंबई, सोमवारी ऑफिस.

गुरुवारी रात्री वारा सुटला. टेबलावरचे कागद उडायला लागले. हॉटेलच्या मालकीणबाईंनी सांगितलं, हा मेल्टेमी. जुलै-ऑगस्टमधला उत्तरेचा वारा. आकाश निळंशार, ढग नाही, पाऊस नाही, आणि समुद्र खवळलेला. वारा फार वाढला की बंदर खातं बोटी सोडतच नाही. आणि लहान, वेगवान बोटी मोठ्यांच्या आधी अडकतात.

"शनिवारची बोट सोडून दे. आपण उद्याच जायचं," आई म्हणाली.

"आई, एक रात्र फुकट जाईल. आणि आधीच ३१ हजार..."

"नाही."

मी बघतच राहिले. बाबा गेल्यापासून हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकलाच नव्हता.

"शेवटच्या एस्टीवर आपलं काम ठेवू नये, असं तुझे आजोबा सांगायचे," ती म्हणाली. "तू येताना माझं ऐकलं नाहीस. मी पण जोर केला नाही. आता करतेय."

शनिवारची तिकिटं सोडून दिली. शुक्रवारच्या मोठ्या बोटीवर जागा मिळाली. बोट हलली, आईला काहीच झालं नाही, मला मात्र बाबांसारखीच लागली. संध्याकाळी पिरेयस, तिथून मेट्रोने मोनास्तिराकी. स्टेशनाबाहेर आलो आणि मान वर केली, तर अ‍ॅक्रोपोलिस दिव्यांनी उजळलेलं. माझ्या नऊ दिवसांच्या शीटमध्ये अथेन्स हे फक्त 'ट्रान्झिट' होतं, करड्या रंगातलं.

शनिवारी सकाळी त्याच चौकात कॉफी पीत असताना फोन वाजला. सोडून दिलेल्या बोटीच्या कंपनीचा मेसेज. वाऱ्यामुळे सुटायची वेळ तीन तास पुढे. मी हिशेब केला. तीन तास म्हणजे विमान गेलंच असतं.

मेसेज आईला दाखवला. ती काही बोलली नाही. फक्त वेटरला हाक मारून, स्वतःच्या इंग्रजीत, स्वतःसाठी अजून एक कॉफी सांगितली. काय हवं ते मला न विचारता.

निघण्याआधी

● शक्यतो सगळी विमानं एकाच बुकिंगवर घ्या. वेगळी घ्यायचीच असतील तर अथेन्सला एक रात्र ठेवा. ती रात्र फुकट जात नाही.

● २०२५ मध्ये भारतातून अथेन्सला थेट विमानांच्या घोषणा झाल्या. तुमच्या तारखांना थेट विमान आहे का, हे आधी बघा. बाकीचं गणित तिथूनच बदलतं.

● परत येताना विमानाच्या आदल्या दिवशीच अथेन्स गाठा. जुलै-ऑगस्टमध्ये तर नक्कीच.

● ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. रांगेसाठी वेळ जास्त धरा.

● शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो. विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्या.

● एकाच मार्गावरची बेटं निवडा. पारोस, नाक्सोस, सँटोरिनी हे सोपं. पश्चिमेचं कोर्फू आणि सँटोरिनी एकाच फेरीत म्हणजे तारकर्ली आणि पुरी एका वीकएंडला.

● मायकोनोस किंवा टिनोसला जाणार असाल तर पिरेयसऐवजी राफिना बंदर बघा. विमानतळापासून ते जवळ आहे.

● १५ ऑगस्टच्या आठवड्यात बोटींची तिकिटं महिना-दोन महिने आधी काढा. आणि तिकिटावर 'थिरा' दिसलं तर घाबरू नका.